यदृच्छाशब्द आणि व्यापारनाम

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नेल्ली येथे, ‘विप्रो’चे मुख्य कार्यालय आहे. या दोन अक्षरांचा अर्थ तेथे कोणी विचारीत नाही. परंतु हा शब्द जन्मतः निरर्थक नव्हता. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी खानदेशात, बोरी नदीकाठच्या अमळनेर येथे, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापिली. ते नाव नव्हे, वर्णनच होते: कोठे, कशापासून, काय. पुढे त्यातील काही रोमी अक्षरे तेवढी उरली आणि १९७७ साली कंपनी ‘विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेड’ झाली. ‘प्रो’मध्ये ‘प्रॉडक्ट्स’ आधीच होते. तरी द्विरुक्ती कोणाला खटकली नाही. अर्थ विसरला गेल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पतंजलीने जाती, गुण व क्रिया यांच्या वाचकांपासून यदृच्छाशब्द वेगळा काढला. ‘डित्थ’ हे त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण. यौगिक शब्द रूढ होतो, हेही आपल्या परंपरेला ठाऊक होते. आधुनिक मेंदूविज्ञान हाच भेद रुग्णशय्येवरून सांगते. सेमेंझा व झेत्तिन या इटालियन संशोधकांनी १९८८ साली वर्णिलेल्या रुग्णाला वस्तूंची नावे आठवत, माणसांची व गावांची मात्र आठवत नसत. ती माणसे कोण, हे तो सांगू शके. इंग्लंडातील १९८७ च्या एका प्रयोगात तर तोच शब्द व्यवसाय म्हणून सहज आठवला, आडनाव म्हणून आठवेना. व्यवसायाभोवती अर्थाचे जाळे असते. नाव एकाच धाग्याने लोंबते.

व्यापारनामाची जागा या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती स्थिर नाही. ‘डालडा’ची वाट ‘विप्रो’च्या नेमकी उलटी. ‘डाडा’ या नावात लीव्हरचा ‘एल’ घालून १९३७ साली घडविलेला हा शुद्ध यदृच्छाशब्द. मराठी स्वयंपाकघरात तो कोणत्याही वनस्पती तुपाचा वाचक झाला. अमळनेरचे ‘सनफ्लॉवर’ मात्र, अर्थ असूनही, त्या पदवीला पोचले नाही. अर्थापेक्षा वापर बलवत्तर, असेच म्हणावे लागते.

गोन्तिझो, झैडेल आदींनी २००२ साली कॅलिफोर्नियात केलेल्या प्रयोगात सामान्य शब्द ओळखताना मेंदूच्या डाव्या गोलार्धाचे वर्चस्व ठळक दिसले. व्यापारनामांच्या बाबतीत ते क्षीण होते. शिवाय ही नावे मोठ्या लिपीत लवकर ओळखली गेली. सामान्य शब्दांना लिपीचा तसा फरक पडला नाही. हा निष्कर्ष मराठीस जसाच्या तसा लावणे उतावीळपणाचे होईल. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नाहीत. ‘कमल’ हे फूल की व्यक्ती, हे वाक्यच ठरविते. कन्नड लिपीचीही तीच स्थिती. कर्नाटकात २०२४ पासून पाट्यांचा ६० टक्के भाग कन्नडला देणे कायद्याने बंधनकारक आहे; त्यामुळे सर्जापूर रोडवरील वाचकास एकच नाव एका ओळीत मोठ्या रोमी अक्षरांच्या आधाराने आणि दुसरीत त्या आधारावाचून ओळखावे लागते. कॅलिफोर्नियातील प्रयोगाची खरी कसोटी अशाच वाचकावर लागेल.