फिटरची पेटी : गिरणगावातून दिव्यापर्यंत

आजचं व्याख्यान एका पेटीवर आहे. हत्यारांची पेटी. लोखंडी असेल, लाकडी असेल, वर धरायला मूठ, पुढे कडी-कोयंडा. आजोबा नाहीतर वडील गिरणीत होते, रेल्वेच्या कारखान्यात होते, किंवा अंबरनाथ-डोंबिवलीच्या एखाद्या कंपनीत फिटर होते, त्यांची ती पेटी. दिव्यातल्या कितीतरी घरांत ती आजही पोटमाळ्यावर किंवा पलंगाखाली आहे. घर लहान, पेटी जड. मग एक दिवस भंगारवाला हाक मारत येतो आणि पेटी किलोच्या भावाने जाते.

आम्ही काही मंडळी अशा पेट्या दुरुस्त करतो. दुरुस्ती करता करता आम्हाला त्यांच्या इतिहासाचा नाद लागला. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. गिरण्यांची यंत्रं भंगारात गेली, इमारती पडल्या, कागदपत्रं कुठे गेली कोण जाणे. कामगाराच्या स्वतःच्या मालकीचा जो थोडा पुरावा उरला, तो या पेटीत आहे. म्हणून पेटी दुरुस्त जरूर करावी, पण दुरुस्तीच्या हौसेत तो पुरावा पुसून टाकू नये. हे दोन्ही एकत्र कसं साधायचं, तेवढंच आज बोलायचं आहे.

पेटी इथे आली कशी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. तेव्हा दिवा म्हणजे खाडी, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची वस्ती. त्याच १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे १८७९ मध्ये जी.आय.पी. रेल्वेचा परळचा कारखाना उभा राहिला. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसं आली ती या दोन कामांसाठी, गिरणी आणि रेल्वे.

मोठं यंत्र मालकाचं. खास हत्यार लागलं तर टूलरूममध्ये पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं, परत करून बिल्ला सोडवायचा. पण रोजच्या हाताची हत्यारं, म्हणजे पाने, कानशी, पक्कड, डिसमिस, गुण्या, ही अनेक कारागीर स्वतःची ठेवत. हाताला बसलेली कानस दुसऱ्याला देववत नाही, हे इथे बसलेल्या फिटर मंडळींना वेगळं सांगायला नको. म्हणून पेटी, आणि म्हणून पेटीला कुलूप.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचं राजकारण हा आजचा विषय नाही. आपल्यापुरतं एवढंच, की त्यानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं. कोणी गावी गेलं, कोणी वसई-विरारला, कोणी डोंबिवली-कल्याणला, आणि ज्यांना तेही परवडेना ते दिव्याला आले. नोकरी गेली तरी पेटी बरोबर आली, कारण पेटी हातात असेल तर उद्या कुठेतरी काम मिळेल. गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी जमवल्या आणि २००४ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. बोलणं असं नोंदलं गेलं. वस्तूंची नोंद मात्र घराघरांतून आपणच करायची आहे.

दुरुस्तीआधी पेटी वाचा

पेटी हाती आली की लोक आधी पॉलिशपेपर शोधतात. तो बाजूला ठेवा. आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कोणत्या खणात काय होतं ते लिहा, आणि मग खुणा बघा.

पहिली खूण छाप. पान्यावर ‘जी.आय.पी.’ असेल तर ते ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचं समजायला हरकत नाही, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. बी.बी.अँड सी.आय.ची पश्चिम रेल्वे झाली तीही त्याच दिवशी. मोजमापाच्या हत्यारावर शेफील्डच्या मूर अँड राइटचं किंवा अमेरिकेतल्या स्टॅरेटचं नाव सापडतं. पक्कड नाशिकच्या टपारियाची असेल तर ती फार तर साठीच्या दशकाच्या अखेरीची किंवा नंतरची.

दुसरी खूण स्क्रू. डोक्यावर एकच सरळ खाच आहे की अधिकचं चिन्ह? अधिकच्या चिन्हाचा फिलिप्स स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला आणि आपल्या सुतारकामात रुळायला त्याला आणखी पुष्कळ वर्षं लागली. जुन्या पेटीच्या बिजागरीत तीन सरळ खाचेचे आणि एक फिलिप्स स्क्रू दिसला, तर तो चौथा नंतर कोणीतरी बसवलेला आहे. तीही दुरुस्तीच, तिचीही नोंद करा.

तिसरी खूण माप. आपल्याकडे मेट्रिक मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीची पेटी इंचाची. आणि कारखान्यातला इंच म्हणजे सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुती बोल्ट’ मागितला तर दुकानदार आजही तीन अष्टमांश इंचाचाच काढून देतो. साठ-पासष्ट वर्षं झाली, कायदा बदलला, पण सूत काही बाजारातून गेलं नाही.

यात एक गंमत आहे. ब्रिटिश व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. म्हणून तीन अष्टमांश लिहिलेल्या पान्याचं तोंड तीन अष्टमांश इंचापेक्षा पुष्कळ मोठं असतं. नातवाला वाटतं पाना चुकीचा छापला. पाना बरोबर आहे, त्याची भाषा वेगळी आहे.

साफसफाई, आणि काय साफ करायचं नाही

लोखंडाच्या गंजाला आपल्या स्वयंपाकघरातले उपाय चालतात. एक भाग काकवी, दहा भाग पाणी, त्यात हत्यार आठवडाभर बुडवून ठेवा. गंज सुटतो, खालचं लोखंड शाबूत राहतं. घाई असेल तर लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम लिंबूफूल, काही तास, आणि अधूनमधून लक्ष ठेवायचं. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. दिव्याची हवा खाडीची आहे. इथे ओलं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतं. मायक्रोमीटर, व्हर्नियर असली मापाची हत्यारं मात्र या पाण्यात टाकायची नाहीत. ती फडक्याने आणि हलक्या तेलानेच पुसायची.

जुना रंग कोरडा घासू नका. पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदरी रंगाचा देत आणि तो शेंदूर म्हणजे शिसं. घराच्या रंगातलं शिसं आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमवर आणलं. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घरात लहान मूल असेल आणि तुम्ही एका खोलीत बसून पेटी घासत असाल, तर ती धूळ पोराच्या पोटात जाते. घासायचंच असेल तर बाहेर, ओल्या कागदाने, तोंडाला चांगला मास्क लावून.

आता न पुसण्याच्या गोष्टी. झाकणाच्या मधोमध लालसर-पिवळा डाग दिसला तर हात आवरा. तो बहुधा हळदकुंकवाचा आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई, गिरणीत यंत्रांना हार घालत, आणि प्रत्येकाची पेटीही पुजली जाई. दर वर्षीचं एक बोट, असे वीस-तीस वर्षांचे थर तिथे असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं कॅलेंडरचं चित्र, युनियनची पावती, खिळ्याने कोरलेला तिकीट नंबर, खात्याचं नाव, हेही तसंच ठेवा. हा माणूस साचेखात्यात होता की रिंगखात्यात, हे सांगणारा दुसरा कागद कदाचित घरात नसेलच.

सुटे भाग कुठे मिळतात

इथे दिवेकरांची सोय मोठी आहे. दिवा जंक्शन आहे. सुट्या भागांच्या शोधात निघालेल्या माणसाला याहून चांगलं स्टेशन मिळणार नाही.

मुंबईकडे गेलात तर मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. हत्यारं आणि हार्डवेअरचा जुना बाजार. सरळ खाचेचे लोखंडी-पितळी स्क्रू, पेटीच्या कड्या, बिजागऱ्या अजून मिळतात, पण नमुना हातात घेऊन जा. नुसतं ‘जुन्या टाइपचं’ म्हणून चालत नाही. पुढे चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या कुलपांच्या, मुठींच्या राशी असतात. हार्बरवर रे रोडला दारूखाना. तिथे वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली, आणि जहाजाचं पितळ खाऱ्या हवेसाठीच बनवलेलं असतं. आपल्या खाडीकाठच्या घराला ते शोभतं.

पनवेलच्या गाडीत बसलात तर कळंबोलीचा लोखंड बाजार. पेटीचा तळ सडला असेल तर पत्रा तिकडून आणा. जुना पत्रा किती जाड आहे ते मोजून तेवढाच घ्या.

वसईच्या गाडीने भिवंडी रोड. भिवंडीत मुंबईच्या गिरण्यांतले जुने माग मोठ्या संख्येने गेले. ते चालू ठेवायचे तर इंची आटे पाडता येणारा कारागीर लागतोच. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १८ आटे. आजच्या आठ मिलिमीटरच्या नटाचे आटे सव्वा मिलिमीटरवर. जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे नट दोन फेरे चढतो आणि अडकतो. तिथे पान्याला जोर दिलात तर जुन्या बोल्टचे आटे कायमचे जातात. त्यापेक्षा लेथवाल्याकडून एक नट करून घेतलेला बरा.

आणि जवळ म्हणाल तर शीळफाट्याची भंगाराची गोदामं आहेतच. तिथे एक काळजी घ्या. रेल्वेचा छाप असलेला माल दिसला तर विक्रेत्याकडून बिल घ्या. बिल नसेल तर माल घेऊ नका. १९६६ चा रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर ताब्याचा कायदा अजून लागू आहे. घरातल्या जुन्या हत्याराबरोबरही निवृत्तीचे कागद, एखादी पावती असेल तर ती पेटीतच ठेवावी.

लाकडी पेटीची फळी बदलायची असेल तर नवं लाकूड टाळा. ठाणे-कल्याणात वाडे आणि चाळी पडतात, त्यांच्या चौकटींचं जुनं सागवान मिळतं. ते सुकलेलं असतं, पुन्हा आकसत नाही.

उघडल्यावर कप्पे पसरणारी लोखंडी पेटी असेल तर बिघाड बहुतेक रिबिटांत असतो. तिथे ॲल्युमिनियमचे पॉप रिबीट मारू नका. कप्प्याचं वजन आलं की ते ढिले होतात. भरीव लोखंडी रिबीट घ्या, मध्ये वायसर घाला आणि हलक्या हाताने ठोका, म्हणजे सांधा फिरता राहील. कुलपाची चावी हरवली असेल तर कुलूप तोडू नका. स्टेशनबाहेरचा चावीवाला बहुतेक वेळा चावी करून देतो. नवं कुलूप अलीगढचं कितीही चांगलं मिळालं, तरी जुनं पेटीत जपून ठेवा.

किती बदलायचं

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. आमचा नियम साधा आहे. पेटी उघडली पाहिजे, बंद झाली पाहिजे, उचलता आली पाहिजे. त्यासाठी जे लागेल ते बदला, त्यापलीकडे काही नको. बदललेला भाग जुळता असावा, पण शोधणाऱ्याला सापडावा. म्हणून नव्या फळीच्या आतल्या बाजूला साल लिहा. काढलेले स्क्रू, बिजागऱ्या एका डबीत घालून पेटीतच ठेवा.

काहीजण म्हणतात, जुन्या पेटीला आता भाव आलाय, चकाचक केली तर गिऱ्हाईक मिळेल. मिळेलही. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात अशा पेट्या दिसतात, घासूनपुसून, नाव-नंबर उडवून. ज्या फिनिक्स मिलमध्ये एकेकाळी भोंगा वाजायचा तिथे आज मॉल आहे. तिथे कोणी कुठल्या खात्यात किती वर्षं घालवली, हे आता जागा बघून कळत नाही. पेटी बघून कळतं, ती पेटी तशी राहिली तर.

आणि विकायला आमचा विरोध नाही. दिव्यातल्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण विकण्याआधी एक संध्याकाळ काढा. फोटो काढा. एका वहीत पाच गोष्टी लिहा: पेटी कोणाची, गाव कोणतं, गिरणी किंवा कारखाना कोणता, खातं कोणतं, किती साल ते किती साल. घरात त्या काळचं कोणी वडीलधारं असेल तर पेटी त्यांच्यासमोर उघडा आणि एकेक हत्यार हातात द्या. नुसतं विचारलं तर ‘काय सांगायचं त्यात’ म्हणतात. हत्यार हातात आलं की ते कशाला वापरायचे ते आपोआप करून दाखवतात. त्या वेळी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या दसऱ्यापर्यंत लांबवू नका.

इथेच थांबतो. काहीजणांनी पेट्या बरोबर आणल्या आहेत असं दिसतंय. त्या पुढे टेबलावर आणा, प्रश्न तिथेच घेऊ.