तेवीस एप्रिल: आकडा एक, दिवस दोन

दर वर्षी २३ एप्रिलला, जागतिक पुस्तकदिनी, भाषणांत आणि दिनविशेषांत एक विधान हटकून येते: शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी निवर्तले.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील स्मारकावर शेक्सपिअरच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी कोरली आहे. माद्रिदच्या चर्चच्या नोंदवहीत सर्व्हान्तेसची नोंद याच तारखेची आहे. १९९५ साली युनेस्कोने पुस्तकांसाठी हाच दिवस निवडला. दोन्ही नोंदी अस्सल आहेत. मग वाद कसला?

वाद कालगणनेचा आहे. स्पेनने १५८२ मध्ये पोप ग्रेगरीची सुधारित गणना स्वीकारली. तिथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच धरून बसले. त्यामुळे १६१६ मध्ये इंग्लंडची तारीख स्पेनच्या दहा दिवस मागे होती. पुरावा हवा? वार पाहा. सुधारणेत तारखा गळल्या, पण वारांचा क्रम एकदाही तुटला नाही. माद्रिदचा २३ एप्रिल शनिवारी आला, स्ट्रॅटफर्डचा मंगळवारी. एकच दिवस शनिवारही आणि मंगळवारही असतो काय?

शिवाय माद्रिदची ती नोंद दफनाची आहे. मृत्यू आदल्या दिवशी, २२ एप्रिलला झाला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या आकड्यावर सारी भिस्त, तोही डळमळीत.

यावर कोणी म्हणेल, त्या त्या देशाच्या कागदावर असेल तीच तारीख खरी मानावी. मानू. मग रायगडावर या. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. त्याच्या गणनेने तो दिवस ६ जून १६७४. त्याच दिवशी पोर्तुगिजांच्या गोव्यात १६ जून होता. आमच्या पंचांगात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आकडे वेगळे म्हणून महाराज मुंबईसाठी एका दिवशी आणि गोव्यासाठी दुसऱ्या दिवशी सिंहासनावर बसले, असे म्हणायला कोण धजेल? आकडे वेगळे असूनही दिवस एक असतो, हे रायगडावर मान्य. मग आकडा एक असूनही दिवस दोन असतात, हे माद्रिद-स्ट्रॅटफर्डबाबत का नाकारायचे?

पुस्तकदिनाला माझा विरोध नाही. तो २३ एप्रिललाच साजरा व्हावा, उत्साहाने व्हावा. पण त्या व्यासपीठावरून हे चुकीचे विधान पुन्हा करू नये. दोन भाषांचे दोन शिखरपुरुष अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराने गेले, हे सत्य काय कमी विलक्षण आहे?

निवाडा वाचकांनी करावा. माद्रिदच्या पंचांगाने शेक्सपिअर ३ मे १६१६ रोजी, मंगळवारी, वारला.