शाहबानो प्रकरण : १९८० च्या दशकातला वाद आणि आजचा कायदा

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की शाहबानोचं नाव येतंच. पण त्या बाईंनी नेमकं काय मागितलं होतं आणि आज कायदा काय सांगतो, हे आपल्या घरांत फारसं माहीत नसतं.

खटला काय होता?
इंदूरच्या शाहबानो बेगम यांचं लग्न १९३२ सालचं. पती वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली. त्याच वर्षी पतीने तलाक दिला. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये ठरवले, हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पती सुप्रीम कोर्टात गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या खंडपीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला.

वाद का पेटला?
निकालात कुरआनच्या आयतींचा अर्थ लावला होता आणि समान नागरी कायद्याची गरजही बोलून दाखवली होती. अनेक उलेमांना आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाला हा शरियतमधला हस्तक्षेप वाटला. देशभर मोर्चे निघाले. काळही अस्वस्थ होता. १९८४ मध्ये भिवंडीची दंगल आणि दिल्लीतलं शीख हत्याकांड होऊन गेलं होतं. राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला. आरिफ मोहम्मद खान यांनी विरोध म्हणून मंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं. एकीकडे ‘तुष्टीकरण’, दुसरीकडे ‘शरियत खतऱ्यात’, या दोन्ही घोषणांवर राजकारण आजही चालतं.

पुढे कोर्टात काय झालं?
१९८६ च्या कायद्यात पोटगी फक्त इद्दतपुरती, असा समज पसरला. २००१ च्या दानियल लतीफी निकालाने तो खोडला : पतीने इद्दतीच्या मुदतीत रक्कम द्यायची, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्याची सोय होईल इतकी हवी. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं, ‘तलाक दिला’ एवढं म्हणून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे. नव्या संहितेत हेच कलम १४४ आहे.

लक्षात ठेवा
मेहेर आणि लग्नात मिळालेल्या वस्तूंवर बाईचाच हक्क आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. पुढाऱ्यांचा वाद चाळीस वर्षं चालू आहे. आपल्या लेकी-बहिणींचा हक्क मात्र त्याच्या निकालावर थांबलेला नाही.