हीटरची जाळी: सातारा-सांगलीतल्या जुन्या ट्रकच्या एका सुट्या भागाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत ट्रकचा सुटा भाग कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांतला इतिहास बघायचा, तर तो गूळ, हळद, ऊस आणि द्राक्षं वाहणाऱ्या गाड्यांना सोडून बघता येत नाही. ती गाडी चालू कशी राहिली, कुणी ठेवली, हे पुस्तकांत फारसं येत नाही. ते सुट्या भागांत सापडतं. आज आपण अशाच एका भागाच्या मागे जाऊ.

सुरुवात एका शोधापासून करतो. कऱ्हाडजवळच्या एका गावात गोठ्याशेजारी एक डॉज ट्रक उभा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेला. आजोबांनी घेतला, वडिलांनी चालवला, आणि आता नातवाला तो पुन्हा चालू करायचा होता. आम्ही जुन्या गाड्यांच्या नोंदी ठेवतो म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. इंजिन फिरलं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. अडलं ते डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या पेटीत. आतली हीटरची जाळी फुटली होती. पाय ठेवायच्या जागी पाणी साचत होतं आणि काचेवर आतून वाफ धरत होती.

आम्ही मिरजेच्या एका रेडिएटरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जाळी हातात घेतली आणि हसले. म्हणाले, "हितं गाडी थंड ठेवता ठेवता जीव जातो, अन् तुम्ही गरम करायची जाळी हुडकताय व्हय?"

त्या हसण्यात बराच इतिहास आहे. तो समजायला आधी ही वस्तू काय आहे ते बघू. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटर. पितळेच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये तांब्याचे पातळ पंख, दोन्ही टोकांना टाकी. इंजिनातलं गरम पाणी थोडंसं वळवून या जाळीतून फिरवायचं, मागून पंख्याने हवा मारायची, की केबिन गरम. थंड देशांत ही गरज. तिथेही १९४० च्या दशकात बऱ्याच ट्रकांना हीटर मूळचा नसे. गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजून बसवून घेई. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत दोन वेगळ्या बनावटीचे हीटर सापडतात. गाडीचं नाव आणि साल सांगून जाळी मिळत नाही, याचं पहिलं कारण हे. आणि आपल्याकडे जुळवलेल्या मालट्रकांना तर हीटर सहसा नसेच. म्हणून तो कुठल्या दुकानदाराने ठेवला नाही.

आता हे ट्रक इथे आले कसे? फोर्डने १९२६ पासून आणि जनरल मोटर्सने १९२८ पासून हिंदुस्थानात परदेशी भाग आणून गाड्या जुळवायला सुरुवात केली. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. पुढे युद्ध आलं, आणि युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक गाड्या बाजारात आल्या. ज्याच्याकडे चार पैसे होते आणि हातात पाना धरायची हिंमत होती, त्याने डिस्पोजलची गाडी घेतली.

याच काळात एक नाव आपल्या दोन्ही जिल्ह्यांना जोडतं: वालचंद हिराचंद. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, फार्गो या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी उभा केलेला नांगर आणि इंजिनांचा कारखानाही पुढे वालचंद समूहाकडे आला. आणि सांगलीत १९४७ मध्ये निघालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंदांच्याच नावाने ओळखलं जातं. तिकडे किर्लोस्करवाडीला तर १९१० पासून ओतकाम चालू होतं. म्हणजे ट्रक परका असला, तरी लोखंड ओतणारे, कातणारे, मापं घेणारे हात या भागात आधीपासून होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग १९५३-५४ चं वळण आलं. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं: नुसती जुळवाजुळव चालणार नाही, गाडी इथे बनवायची असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. देशी उद्योगाच्या दृष्टीने तो निर्णय महत्त्वाचा होता. १९५४ मध्येच टेल्को आणि डाइम्लर-बेंझचा करार होऊन जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. पण रस्त्यावर असलेल्या जुन्या शेवरोले आणि फोर्ड ट्रकांचं काय? ते एका रात्रीत पोरके झाले. आयातीवर बंधनं, परकीय चलनाची टंचाई; एक जाळी परदेशातून मागवणं साध्या मालकाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

त्यात बनावटींचा गोंधळ. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा गाड्या होत्या. दहा बनावटी! ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थचे पाने, अमेरिकनला इंचाचे वेगळे, जर्मन मुळाच्या गाडीला मिलिमीटरचे. दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण गॅरेजात माप आजही सुतातच बोललं जातं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

अशा परिस्थितीत इथल्या कारागिरांनी काय केलं? गाडीची जाळी मिळत नाही, तर जाळी इथेच बनवायची. वरची आणि खालची पितळी टाकी मूळची ठेवायची, मधली सडलेली जाळी डाख सोडवून काढायची आणि मापाची नवी जाळी बसवायची. यासाठी लागणारं ज्ञान नवं नव्हतं. तांब्याच्या भांड्याला कल्हई करणारा नवसागर आणि कथील वापरत होताच. रेडिएटरवाला जस्त विरघळवलेलं आम्ल आणि शिसं-कथलाचा डाख वापरतो. हा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, पितळ नऊशेच्या पुढे. या दोन आकड्यांमधल्या मोठ्या अंतरावर सगळा धंदा उभा आहे. डाख पाणी होतो, पितळ जागेवर राहतं. म्हणून तीच टाकी चार-चार वेळा उघडता येते.

कामाला तोटा नव्हता. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी. भरलेली गाडी घाट चढताना तापायची आणि क्लीनर डबा घेऊन पाण्याला पळायचा. पाणी मिळेल ते घालायचं: ओढ्याचं, विहिरीचं. जड पाण्यातला चुना नळ्यांत बसायचा, नळ्या तुंबायच्या, गाडी आणखी तापायची. आणि जाळी गळायला लागली की आपल्या भागाचा खास उपाय, हळद! चमचाभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची. हळदीत पिष्ट भरपूर असतं, ते गरम पाण्यात फुगतं आणि बारीक छिद्र बुजवतं. सांगली म्हणजे हळदीची पेठ, हरिपूरला तर जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती. ट्रकमध्ये हळद मागे भरलेली आणि पुढे रेडिएटरमध्येही. पण ही हळद छिद्र बघून बसत नाही, अरुंद नळी दिसेल तिथे बसते. हीटरच्या जाळीच्या नळ्या सगळ्यात बारीक, आणि आपल्याकडे हीटर वापरात नसल्याने त्यातलं पाणी जवळजवळ उभंच. आमच्या डॉजची जाळी मिस्त्रींनी उघडली तेव्हा आत चुना आणि पिवळट गाळ घट्ट बसलेला होता. तो हळदीचाच असावा असं मिस्त्री म्हणाले, आणि आम्हालाही तसंच वाटतं.

आता पुन्हा शोधाकडे. सोपा मार्ग सगळ्यांनी सांगितला: दोन्ही पाइप एकमेकांना जोडा, जाळी काढून टाका, हीटर नसला म्हणून कऱ्हाडात कुणी गारठत नाही. खरंय. इथल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या हीटरचं असंच झालं असणार. नातू मात्र म्हणाला, "आजोबांनी काढला नाही, मी कशाला काढू?"

मग आम्ही परदेशातून एक जाळी मागवली. यादीत आमच्या ट्रकचं मॉडेल होतं, फोटो तसाच होता. आली ती लांबी-रुंदीला बरोबर, जाडीला दोन सूत जास्त. पेटीचं झाकण बसेना. झाकण दाबून स्क्रू आवळले असते, तर पाइपच्या मानेवर ताण येऊन तिथलाच डाख सुटला असता. तरी तात्पुरती बाहेर जोडून पाहिली. दोन्ही पाइप गरम, जाळीचं दुसरं टोक गार! मिस्त्रींनी नुसता हात फिरवला आणि सांगितलं, "आत पडदा न्हाई." आमच्या पेटीत दोन्ही पाइप एकाच टाकीला आहेत. अशा टाकीत मधोमध एक पत्रा असावा लागतो. तो असला तरच पाणी जाळीच्या शेवटापर्यंत जाऊन परत येतं. तो नसेल तर पाणी आल्या वाटेने लगेच बाहेर पडतं. ही जाळी दुसऱ्या पद्धतीच्या हीटरची होती, मान वळवून आमच्या मापाची केलेली. पैसे गेले.

तेव्हा आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. मापं घेतली. जाळीची लांबी, उंची आणि जाडी टाक्या सोडून. नळ्यांच्या किती ओळी, एका इंचात किती पंख. पाइपचा बाहेरचा व्यास, एक पाच सुताचा आणि एक सहा सुताचा, म्हणजे येणारा-जाणारा अदलाबदल चालणार नाही. मानेचा कोन, पेटीच्या काठापासून तिचं अंतर. कडेला किती नमदा होता, कारण कडेला फट राहिली तर हवा जाळीतून न जाता बाजूनेच निसटते. या आठ-दहा ओळी एका कागदावर आल्या आणि पार्ट नंबरची गरजच संपली.

मिस्त्रींनी जुनी टाकी ठेवली. एका मोडीतल्या पितळी रेडिएटरच्या जाळीतून मापाचा तुकडा कापला, नळ्यांतून सळई फिरवून चुना काढला, टोकाच्या पट्ट्या नव्या केल्या, पडदा मूळचाच बसवला. मग हौदात बुडवून हवा भरली, एक किलोच्या आत, कारण त्या काळच्या गाड्यांत पाण्याचा दाब कमी असे. एका मानेशी बुडबुडा आला. पुन्हा डाख. दुसऱ्यांदा पाणी शांत. दोन दिवसांचं काम.

काम झाल्यावर आम्ही विचारलं, हे शिकायला कोण येतं? ते म्हणाले, कुणी नाही. कारण साधं आहे. आताच्या गाड्यांची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाकी प्लास्टिकची. ती दाबून बसवलेली असते, डाखाने उघडत नाही. फुटली की फेकायची. त्यात चूक कुणाची नाही, ती हलकी आणि स्वस्त पडते. पण पितळी जाळी उघडणारा हात गेला, की त्या काळातली कुठलीच गाडी मापात बसणारी जाळी मिळवू शकणार नाही.

दुसरा धोका कागदाचा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. चांगली गोष्ट झाली. पण ते नियम खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. संस्थानिकांच्या मोटारीला त्यात जागा मिळते. हळदीची पोती वाहिलेला, मागे चार टायरांचा मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे ज्या गाडीने या जिल्ह्यांची बाजारपेठ उभी केली, तिला वारसा म्हणून सांभाळायची चौकट अजून नाही. ती भंगारात जाते आणि तिच्याबरोबर पितळी टाक्याही किलोवर जातात.

म्हणून शेवटी श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या गावात, वाड्यामागे, गॅरेजच्या कोपऱ्यात जुना ट्रक असेल, तर तो विकण्याआधी एक तास द्या. रेडिएटरची आणि असलीच तर हीटरची मापं लिहून ठेवा, पाइपच्या दिशेचं चित्र काढा, फोटो घ्या. आणि जवळच्या रेडिएटरवाल्याची वही असेल तर तिची प्रत करून घ्या. आमच्या मिस्त्रींच्या वहीत गाड्यांची नावं नाहीत. 'पाटील गूळवाले', 'स्टँडमागची लाल', अशा नोंदी आणि पुढे सुतात मापं आहेत. ही वही म्हणजे या भागाच्या वाहतुकीचं दफ्तर आहे, आणि ती एकच आहे.

तो डॉज यंदा थंडीत चालवून पाहिला. पहाटे वाईहून पसरणी घाट चढलो आणि वर पाचगणीच्या धुक्यात नातवाने पेटीची झडप उघडली. पायाला ऊब लागली. घाट चढून इंजिन तापलं होतं, काटा वर गेला होता, आणि हीटर उघडल्यावर तो हळूहळू खाली आला. ते बरोबरच आहे, हीटर शेवटी दुसरा रेडिएटरच. आम्ही हे मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? घाटात चालणाऱ्या समद्या गाड्यांना बसवला असता."

प्रश्न असतील तर आता घेऊ.