अंगावर उठणारे पित्त आणि न सापडणारे कारण : कोकणातील एका व्याधीच्या आकलनाचा इतिहास

रत्नागिरी शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरांवर हातखंबा हे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता येथे मिळतो. त्यामुळे प्रवाशांच्या तोंडी या स्थळाचे नाव गाव म्हणून येण्यापेक्षा तिठा म्हणूनच अधिक येते. तिठ्यावरून शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंत जाण्यास, वाहन हाताशी असल्यास, वीस-पंचवीस मिनिटे लागतात. हे अंतर एरवी कोणी मोजीत नाही. परंतु एखाद्याच्या अंगावर एकाएकी गांधी उठाव्यात, ओठ सुजावेत, आवाज घोगरा होऊन श्वास कोंडू लागावा आणि हे कशाने झाले ते कोणालाच सांगता येऊ नये, अशा प्रसंगी ते अंतर मोजावे लागते. ब्रिटनमधील रिचर्ड पम्फ्री यांनी अशा प्राणघातक प्रतिक्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यात श्वास वा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या बाबतीत तीस मिनिटे, कीटकदंशाच्या बाबतीत पंधरा मिनिटे आणि टोचलेल्या औषधाच्या बाबतीत अवघी पाच मिनिटे आढळला. म्हणजे हातखंब्याहून निघालेला रुग्ण शहरात पोहोचतो तोवर निकाल बहुधा लागलेला असतो. या थोड्या मिनिटांत घरची माणसे काय करतात? प्रायः ती एक प्रश्न विचारतात : ‘काय खाल्ले होतेस?’ हा प्रश्न इतका स्वाभाविक कसा झाला आणि त्याचे उत्तर मिळण्याशी उपचाराचा संबंध किती, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

मराठीत या विकाराच्या सौम्य रूपाला ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणतात. या शब्दप्रयोगात लक्षण आणि कारण एकाच वेळी सांगून टाकलेले आहे. अंगावर जे उठले ते लक्षण आणि पित्त हे कारण. त्याचे मूळ आयुर्वेदाच्या ग्रंथपरंपरेत आहे. सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. थंड वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात प्रकुपित होतात व पित्ताशी मिळून शरीरभर पसरतात, अशी तेथील उपपत्ती असून त्वचेवरील सूज वरटीच्या दंशासारखी दिसते असे वर्णन केले आहे. गांधीलमाशीच्या दंशाशी दिलेली ही उपमा निरीक्षणाच्या दृष्टीने अचूक आहे. बाराशे वर्षांनंतरच्या प्रयोगशाळेत दंशाची सूज आणि गांधी यांच्या मुळाशी हिस्टामीन हे एकच द्रव्य सापडले. चरकसंहितेने तर त्याआधीच उदर्द शमविणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गणच सांगून ठेवला होता.

कोकणातील घरगुती उपचार याहून साधा आहे. आमसूल पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळावयाचे आणि थोडे पोटात घ्यावयाचे. रातांब्याची साल घरोघरी वाळत असलेल्या प्रदेशात हा उपाय रूढ व्हावा यात नवल नाही. पुष्कळदा त्याने बरेही वाटते, कारण सौम्य गांधी बहुधा काही तासांत आपोआपच मावळतात. येथे परंपरेला दोष देण्याचे कारण नाही. अडचण निराळीच आहे. माधवनिदानाच्या त्या प्रकरणात वांती, ज्वर आणि दाह आहेत, परंतु कंठ सुजून मिनिटांत प्राण जाणे हे त्याचे मध्यवर्ती चित्र नाही. ज्या रुग्णात ते घडे त्याची गणना पित्तात न होता बाहेरबाधेत किंवा विषप्रयोगात होण्याचाच संभव अधिक. एकाच व्याधीची सौम्य आणि घातक टोके भाषेने अशी दोन ठिकाणी ठेवली, आणि आमसुलापाशी बसलेल्या माणसाला दुसरे टोक दिसेनासे झाले.

कारण शोधण्याचा आग्रह किती फसवा ठरू शकतो हे समजून घ्यावयाचे तर कोकणातील ताटातला बांगडा पुरेसा आहे. बांगडा खाल्ल्यावर अंगावर उठले की निष्कर्ष तयार असतो : याला बांगड्याचे वावडे आहे. (‘वावडे’ हा शब्द सुंदर आहे. जे आपल्याला चालत नाही ते सारे त्यात येते, मग ते देहाला न चालणारे असो की कुळाचाराला.) परंतु या एका ताटामागे निदान तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे माशातील प्रथिनाविषयी शरीराची खरोखरीची प्रतिक्रिया. ती जन्मभर टिकू शकते आणि मासा वर्ज्य करण्यावाचून तिला उपाय नसतो. दुसरे कारण माशाचे नसून माशाला मिळालेल्या वागणुकीचे आहे. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत हिस्टिडीन विपुल असते. मासा बर्फाविना उन्हात राहिला तर जंतू त्याचे हिस्टामीन करतात, आणि एकदा झालेले हिस्टामीन शिजवूनही जात नाही. असा मासा खाणाऱ्या सर्वांनाच तोंड लाल होणे, खाज आणि डोकेदुखी होऊ शकते. ती विषबाधा असते. तिला वावडे समजून जन्मभर मासे सोडणारा मनुष्य विनाकारण उपाशी राहतो. तिसरे कारण जपानमध्ये उलगडले. बांगड्याच्या जातीचे मासे खाऊन गांधी उठणाऱ्या रुग्णांचा अभ्यास १९९० साली तेथे प्रसिद्ध झाला. त्यांची प्रतिक्रिया माशाविरुद्ध नसून माशाच्या देहात राहणाऱ्या अनिसाकिस नावाच्या कृमीविरुद्ध असल्याचे त्यात दिसून आले. या रुग्णाला आज बांगडा पचतो आणि उद्या तोच बांगडा रुग्णालयात पोहोचवितो. त्याच्या घरच्यांना ‘अज्ञात कारण’ याखेरीज काय म्हणता येईल?

दमट हवेच्या प्रदेशांत आणखी एक गोष्ट उजेडात आली आहे. साठविलेल्या पिठात धुळीतील सूक्ष्म माइट वाढतात आणि त्या पिठाचे पदार्थ खाऊन काही जणांना तीव्र प्रतिक्रिया येते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिका व व्हेनेझुएला येथील वैद्यांनी अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. गव्हाची परीक्षा निर्दोष निघाल्यावर पिठाच्या डब्याकडे पाहण्याचे कोणाला सुचले नसते तर हे रुग्णही अज्ञात कारणाच्या यादीतच राहिले असते.

या विकाराला शास्त्रीय नाव मिळाले त्याची कथा समुद्रावरच सुरू होते. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ फिझालिया या जलचराच्या विषाचा अभ्यास करीत होते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात व अनवाणी फिरणाऱ्यांना डंख मारतात, तो हाच प्राणी. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाच्या विषावर काम चालू ठेवले. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. तीन-चार आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा देताच तो पंचवीस मिनिटांत मेला. पहिल्या मात्रेने संरक्षण मिळावे अशी अपेक्षा होती आणि घडले ते नेमके उलट. संरक्षणाच्या विरुद्ध, या अर्थाने १९०२ साली रिशे यांनी त्यास अॅनाफायलॅक्सिस हे नाव दिले. या कामासाठी त्यांना १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिला. प्रतिक्रियेस कारणीभूत होणारे प्रतिपिंड, ज्याला पुढे आयजीई म्हणण्यात आले, ते हाती लागावयास मात्र १९६६-६७ साल उजाडले.

आता उपायाकडे वळले असता काळाचा क्रम उलटा दिसतो. अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४-९५ मध्ये लंडन येथे दाखविले. जोकिची ताकामिने यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यातील क्रियाशील द्रव्य, अॅड्रेनलिन, शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे १९०१ साली जाहीर केले. दम्याच्या झटक्यात ते टोचून दिल्याचे १९०३ मध्येच नोंदले गेले. म्हणजे अॅलर्जी हा शब्द जन्मण्यापूर्वी तीन वर्षे आणि आयजीईचा शोध लागण्यापूर्वी साठांहून अधिक वर्षे तिचे औषध उपलब्ध होते. ते सापडले व्याधीच्या कारणमीमांसेतून नव्हे, तर ग्रंथींच्या शरीरक्रियाविज्ञानातून. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, कंठाची सूज उतरविते आणि श्वासनलिका मोकळ्या करते. ही क्रिया होण्यासाठी मूळ दोष बांगड्याचा होता की पिठातील माइटचा, हे त्याला ठाऊक असावे लागत नाही. पुढे, १९३७ नंतर, दानिएल बोवे यांच्या कामातून हिस्टामीनविरोधी औषधे आली आणि कोकणातील घरांत आमसुलाशेजारी अॅव्हिलची गोळी येऊन बसली. प्रगती झाली असे वाटले. वस्तुतः घातक झटक्याच्या संदर्भात दोहोंचे स्थान एकच आहे. गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, पण कोसळणारा रक्तदाब किंवा बंद होणारा कंठ तिने सावरत नाही.

महाराष्ट्रात या झटक्याचा वैद्यकीय परिचय मोठ्या प्रमाणावर झाला तो घोड्याच्या रक्तरसातून असावा, असे मानण्यास जागा आहे. १८९७ च्या प्लेगात अलेक्सांद्र येर्सिन आपला प्लेगविरोधी रक्तरस घेऊन मुंबईस आले होते. त्यानंतर सर्पविषावरील प्रतिविष आले, आणि रत्नागिरीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. फुरशांसाठी हा जिल्हा एकोणिसाव्या शतकापासून कुप्रसिद्ध. बक्षिसे लावून सरकारने ती मारविली तरी ती संपली नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे भारतीय प्रतिविष आजही घोड्यापासूनच तयार होते. त्याने असंख्य प्राण वाचविले, आणि त्यानेच काही रुग्णांना टोचताच अॅनाफायलॅक्सिस दिला. पाच मिनिटांचा तो मध्यक काळ येथे लागू पडतो. श्रीलंकेत हजारावर सर्पदंशित रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिविषापूर्वी अॅड्रेनलिनची अल्प मात्रा दिल्यास तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय प्रमाणात टळतात असे सिद्ध झाले. त्याच चाचणीत हिस्टामीनविरोधी औषधाचा असा लाभ आढळला नाही.

तथापि ‘कारण न शोधता औषध’ हे सूत्र आंधळेपणाने वापरता येत नाही, हेही कोकणानेच दाखविले आहे. पावसाळ्याच्या रात्री गडग्याजवळ पायाला काहीतरी चावते आणि ते दिसत नाही. लाल विंचू असेल तर दंशाच्या जागी असह्य कळ येते, दरदरून घाम सुटतो, हातपाय थंड पडतात, आणि रक्तदाब प्रथम वाढून मग हृदय थकते. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे रुग्णांच्या उशाशी बसून टिपली आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन हे औषध त्यांनी या विकारात रूढ केले. या रुग्णाच्या रक्तात अॅड्रेनलिनसदृश द्रव्यांचा आधीच पूर आलेला असतो. त्याला आणखी अॅड्रेनलिन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. फुरसे असेल तर पाय सुजत जातो आणि काढलेले रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवूनही गोठत नाही. गांधी, ओठांची सूज, घोगरा आवाज, घरघर आणि क्षीण नाडी यांचा मेळ मात्र तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवितो. चावणारा प्राणी तिन्ही प्रसंगी अज्ञातच असतो. निर्णय होतो तो लक्षणांच्या वाचनावर.

सर्व परीक्षा करूनही ज्यांचे कारण हाती लागत नाही अशा रुग्णांचा एक स्वतंत्र वर्ग शिकागोच्या रॉय पॅटर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासून मांडला. या वर्गाची विशेषता अशी की तो आतून रिकामा होत जातो. लाल मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी, पुष्कळदा मध्यरात्री, झटका येणारे अमेरिकी रुग्ण वर्षानुवर्षे त्यातच मोजले जात होते. जेवण आणि झटका यांत इतके अंतर असल्याने संबंध कोणाच्या लक्षात येत नव्हता. व्हर्जिनिया विद्यापीठातील थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००९ मध्ये तो जुळविला. गोचिडीच्या चाव्यामुळे या माणसांच्या शरीरात मांसातील एका शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती. त्याचप्रमाणे ‘अज्ञात’ ठरलेल्या काहींच्या शरीरात मास्ट पेशींचाच विकार असल्याचे पुढे दिसले. त्यासाठी झटक्यानंतर एक-दोन तासांत घेतलेल्या रक्तातील ट्रिप्टेज मोजावे लागते आणि बरे वाटल्यावर पुन्हा मोजून तुलना करावी लागते. पहिला नमुना कोणी घेतला नाही तर तो पुरावा कायमचा जातो.

अशा रुग्णाच्या हाती तूर्त जे राहते ते थोडे असले तरी निश्चित आहे. झटका आल्यास प्रौढास अॅड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात, आणि उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावयाचे असतात. श्वास फारच लागला असेल तर बसू द्यावे, परंतु उभे करून चालवू नये. झटक्यात एकदम उठून बसलेले वा उभे राहिलेले काही रुग्ण त्याच क्षणी दगावल्याचे पम्फ्री यांनीच २००३ साली दाखविले आहे. गाडीपर्यंत ‘चार पावले’ चालवीत नेण्याची आपल्याकडील रीत यासाठी घातक आहे. स्वतः टोचून घेण्याच्या तयार पिचकाऱ्या पाश्चात्त्य देशांत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाल्या, भारतात त्या दीर्घकाळ दुर्मिळ राहिल्या. अॅड्रेनलिनची साधी कुपी मात्र स्वस्त असून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकाही धावू लागल्या आहेत. शहरापर्यंतच्या त्या तेरा किलोमीटरांचा प्रश्न यामुळे वेगळ्या रीतीने मांडता येतो : रुग्णाने कुपीकडे जावयाचे, की कुपी रुग्णाकडे यावयाची. ‘काय खाल्ले होतेस?’ हा प्रश्न त्यानंतर, शुद्धीवर आलेल्या माणसाला, वही हाती घेऊन विचारता येतो. त्या वहीत जेवण, औषधे, श्रम, चावलेले कीटक आणि झटक्याची नेमकी वेळ लिहून ठेवावी लागते, कारण मांस आणि मध्यरात्र यांचा संबंध अशाच नोंदींतून जुळला होता.