होम असिस्टंट म्हणजे काय?

होम असिस्टंट हे घरातले स्मार्ट दिवे, पंखे, सेन्सर, कॅमेरे एकाच ठिकाणाहून चालवणारे मुक्तस्रोत सर्व्हर सॉफ्टवेअर आहे. पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये ते पायथन भाषेत लिहायला घेतले.

अनेक स्मार्ट उपकरणांत मोबाइलवरून दिलेली आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग घरातल्या दिव्यापर्यंत पोहोचते. म्हणजे दिवा तुमचा, पण बटण कंपनीच्या हातात! २०१६ मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह या हबची सेवा थांबवली, तेव्हा ग्राहकांनी सुमारे ३०० डॉलरना घेतलेली ती पेटी निरुपयोगी झाली.

होम असिस्टंट घरातल्याच संगणकावर चालते. रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप पुरतो. झिगबीच्या उपकरणांसाठी यूएसबी डोंगल लागतो. घरच्या नेटवर्कवर चालणारी उपकरणे इंटरनेट गेले तरी सुरू राहतात. फक्त क्लाउडवर चालणारे उपकरण मात्र इथेही अडतेच, त्यामुळे खरेदीपूर्वी तेवढे तपासावे. सॉफ्टवेअर मोफत आहे, पण सगळी जुळवाजुळव स्वतः करावी लागते, आणि त्यात सुट्टीचे एक-दोन दिवस सहज जातात.

२०२४ पासून हा प्रकल्प ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.