हायड्रेंजियाची माती

उटकमंड, कोडाईकनाल, शिलाँग किंवा दार्जिलिंग येथील जुन्या बंगल्यांच्या आवारात उन्हाळा सरत आला की एका बुटक्या, रुंद पानांच्या झुडपावर फुलांचे मोठमोठे गेंद दिसू लागतात. कोठे ते आभाळासारखे निळे असतात, कोठे गुलाबी, तर कोठे फिकट जांभळे. या फुलझाडाला हायड्रेंजिया म्हणतात. एखादा हौशी माणूस अशा थंड हवेच्या गावाहून निळ्या फुलांचे रोप मोठ्या प्रेमाने घरी आणतो, वर्षभर जोपासतो आणि पुढच्या वर्षी त्यावर गुलाबी फुले आली की रोप विकणाऱ्या माळ्याने आपल्याला फसविले असे त्याला वाटू लागते. वस्तुतः रोप तेच असते. माती तेवढी बदललेली असते. एवढी साधी गोष्ट नीट उमगावयास युरोपातील बागाईतदारांना शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि ज्या वाटेने हे झुडूप त्यांच्या बागांपर्यंत पोचले, त्या वाटेवर काही माणसांना फार मोठी किंमत द्यावी लागली.

बागांतील या झुडपाची मायभूमी जपान असली तरी हायड्रेंजिया हे नाव तिकडचे नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्हर्जिनियातून एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाचे नमुने हॉलंडमध्ये आले. तेथील ग्रोनोव्हियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याच्या इवल्याशा बोंडाचा आकार पाण्याच्या घड्यासारखा वाटला. ग्रीक भाषेतील 'पाणी' आणि 'पात्र' या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने हे नाव घडविले व १७५३ साली लिनियसने ते आपल्या ग्रंथात कायम केले. झाडाला पाणी फार लागते म्हणून हे नाव पडले, हा समज बरोबर नाही. पण झाडाला पाणी फार लागते हे मात्र खरे. याच वंशाच्या काही जाती हिमालयातही रानटी स्थितीत वाढतात. नेपाळातून आलेल्या नमुन्यांवरून डेव्हिड डॉन याने १८२५ साली अशा दोन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

जपानी लोक या फुलाला 'अजिसाई' म्हणतात. आठव्या शतकातील 'मान्योशू' या त्यांच्या प्राचीन काव्यसंग्रहात त्याचा उल्लेख दोन कवितांत येतो. जपानात जूनच्या सुमारास पावसाची झड लागते, तेव्हाच अजिसाईला बहर येतो. उमलताना हिरवट, मग फिकट, मग गडद, आणि शेवटी पुन्हा हिरवट-तांबूस, असा त्याचा रंग पालटत जातो. म्हणून 'सात रूपांचे' असेही एक नाव त्याला मिळाले. आपल्याकडे ज्या स्वभावाला सरड्याची उपमा देतात, त्या स्वभावाचे प्रतीक तेथे हे फूल ठरले. तथापि याच वंशातील एका जातीची पाने चवीला गोड असतात. ८ एप्रिल रोजी जपानात बुद्धजयंती साजरी होते, तेव्हा या पानांचा गोड काढा बालबुद्धाच्या मूर्तीवर ओततात.

अशा या जपानची दारे सतराव्या शतकात परदेशीयांना बंद झाली. १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर राहण्याची मुभा होती. युरोपीयांना दुसरी कोणतीही वाट मोकळी नव्हती. एका पुलाने हे बेट किनाऱ्याशी जोडलेले होते आणि पुलावर पहारा असे. १७७५ साली लिनियसचा स्वीडिश शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग या बेटावर वैद्य म्हणून आला. त्यापूर्वी त्याने आफ्रिकेतील केप वसाहतीत तीन वर्षे काढून डच भाषा आत्मसात केली होती, कारण डच म्हणून वावरल्यावाचून जपानात पाऊल ठेवणे शक्य नव्हते. बेटावरील गुरांसाठी व शेळ्यांसाठी बाहेरून चारा येई. तो चारा हा विद्वान मनुष्य रोज उपसून पाही आणि त्यातून नवनवीन वनस्पती वेचून घेई. १७८४ साली त्याचा जपानी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अजिसाईचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे, परंतु थुनबर्गने तिला चुकीच्या वंशात घातले. ती चूक १८३० साली दुरुस्त झाली. थुनबर्गने दिलेले 'मोठ्या पानांची' या अर्थाचे जातिनाम मात्र टिकले.

त्याच सुमारास हे झुडूप चीनमार्गेही पश्चिमेकडे निघाले होते. बूगँव्हीलच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सामील झालेला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों १७६८ साली मॉरिशसला उतरला व १७७३ मध्ये तेथेच वारला. पुरुषवेषात त्याच्यासोबत निघालेली जान बारे ही पुढे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून ओळखली गेली. कॉमेर्सोंच्या संग्रहातील या झाडाला 'हॉर्टेन्सिया' हे नाव मिळाले. ते नेपोलियनची सावत्र मुलगी राणी हॉर्टेन्स हिच्यावरून पडले असे पुष्कळदा सांगतात; परंतु कॉमेर्सों वारला त्यानंतर दहा वर्षांनी तिचा जन्म झाला, तेव्हा ही कथा टिकत नाही. १७८९ च्या सुमारास सर जोसेफ बँक्स यांनी चीनमधून आणविलेले रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात आले, आणि तेथून ते घरोघरच्या बागांत पसरले.

या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण मात्र पुन्हा देजिमाच्याच बेटावर घडले. १८२३ साली फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट हा सत्तावीस वर्षांचा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत तेथे आला. रोग्यांना बरे करण्यात त्याचा हातखंडा होता, त्यामुळे त्याला बेटाबाहेर जाण्याची सवलत मिळाली व १८२४ साली नागासाकीजवळ नारुताकी येथे त्याने वैद्यकाची शाळा काढली. देजिमावर जपानी स्त्रियांपैकी केवळ कलावंतिणींना प्रवेश होता. कुसुमोतो ताकी या तरुणीचे नाव त्याच वर्गात नोंदलेले होते. ती सीबोल्टच्या घरी राहिली आणि १८२७ साली त्यांना इने ही मुलगी झाली.

पुढच्याच वर्षी संकट कोसळले. राजधानी एदो येथील सरकारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासू याने सीबोल्टला जपानच्या नकाशांच्या नकला दिल्या होत्या व मोबदल्यात जगप्रवासाचे युरोपीय ग्रंथ मिळविले होते. ज्ञानाच्या लोभाने केलेला हा व्यवहार होता. परंतु नकाशा परकीयांच्या हाती देणे हा तेथे राजद्रोह होता. ताकाहाशी १८२९ साली तुरुंगातच मरण पावला, तरी त्याचा देह मिठात घालून ठेवण्यात आला आणि पुढे त्याला देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. सीबोल्टला कायमचे हद्दपार करण्यात आले. १८२९ च्या अखेरीस त्याने नागासाकी सोडले, तेव्हा त्याची मुलगी जेमतेम अडीच वर्षांची होती. पत्नीला व मुलीला बरोबर नेण्यास परवानगी नव्हती. झाडांची रोपे व सुकविलेल्या वनस्पती मात्र तो नेऊ शकला.

युरोपात त्याने त्सुकारिनी या सहकाऱ्यासह जपानी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. १८३५ पासून त्याचे भाग निघू लागले. त्यात गेंदासारख्या फुलांच्या अजिसाईला त्याने 'हायड्रेंजिया ओताक्सा' असे नाव दिले आणि जपानात या फुलाला ओताक्सा म्हणतात असे लिहून ठेवले. वास्तविक जपानात असे कोणीच म्हणत नव्हते. पुढे माकिनो तोमितारो या थोर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा हे कोडे उलगडले. ताकीला आदराने 'ओताकी-सान' म्हणत. तेच शब्द सीबोल्टने वनस्पतिशास्त्राच्या पोथीत लपवून ठेवले होते. माकिनो यांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. वनस्पतीच्या नावात एका कलावंतिणीचे नाव घुसडणे त्यांना शास्त्राचा अवमान वाटला. शास्त्राच्या नियमाप्रमाणे थुनबर्गचे नाव अगोदरचे, म्हणून ओताक्सा हे जातिनाम शेवटी बादच झाले. एका बागायती वाणाचे नाव म्हणून तेवढे ते उरले.

जपानची दारे उघडल्यावर १८५९ साली सीबोल्ट पुन्हा नागासाकीस आला. ताकी व इने या दोघींची त्याला तीस वर्षांनी भेट झाली. बापाच्याच शिष्यांकडून पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली इने पुढे प्रसूतिशास्त्रात नावाजली आणि १८७३ साली सम्राटाच्या घराण्यातील प्रसूतीसाठी तिला पाचारण करण्यात आले.

इकडे युरोपात हायड्रेंजियाच्या रंगाने माळ्यांना चकित करून सोडले होते. एका बागेतील निळे रोप दुसरीकडे नेले की गुलाबी होई. काहींनी लोखंडाला श्रेय दिले आणि झाडांच्या मुळाशी गंजके खिळे पुरले. १८९७ साली हान्स मोलिश याने प्रयोगांनी दाखविले की तुरटीसारख्या ॲल्युमिनियमच्या क्षारांनी गुलाबी फूल निळे होते. हाच मोलिश १९२८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोस संस्थेत पाहुणा संशोधक म्हणून येऊन गेला. १९४३ साली अमेरिकेतील ॲलन यांच्या संशोधनाने ॲल्युमिनियमचे हे कार्य अधिक स्पष्ट झाले. ॲल्युमिनियम बहुतेक सर्व मातींत असते. पण माती आम्लधर्मी असेल तरच ते विरघळून मुळांना मिळते. फुलातील रंगद्रव्याशी त्याचा संयोग झाला की निळा रंग येतो. मातीत चुन्याचा अंश जास्त असला तर ते मिळत नाही आणि फूल गुलाबी राहते. अटलांटिक महासागरातील अझोर द्वीपसमूहात ज्वालामुखीची आम्लधर्मी माती आहे. तेथील फायाल बेटावर मैलोगणती निळ्या हायड्रेंजियांची कुंपणे आहेत आणि त्यामुळे बेटालाच 'निळे बेट' म्हणतात.

हे ध्यानात घेतले की घरच्या बागेतील पुष्कळशा अडचणी सुटतात. विदर्भ-माळव्याची किंवा देशावरची काळी माती चुनखडीची असते; तीत निळ्या फुलांची अपेक्षा करणे व्यर्थ. कोकणातील व निलगिरीतील तांबडी माती आम्लधर्मी असते, ती निळ्या रंगास अनुकूल. काळ्या मातीच्या प्रदेशात झाड कुंडीत लावणे उत्तम. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी वाळू असे मिश्रण घ्यावे. विहिरीचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते व हळूहळू मातीचा धर्म बदलून टाकते. शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी द्यावे. निळा रंग हवा असल्यास मोठा चमचाभर तुरटीची पूड सुमारे चार लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत महिन्यातून एकदोनदा घालावी. हाडांचा चुरा किंवा सुपरफॉस्फेट मात्र वर्ज्य करावे, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच अडकवून ठेवते. पांढऱ्या वाणांवर या उपायांचा परिणाम होत नाही.

झाडाला सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मानवते. दुपारी पाने माना टाकतात, ती संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर काळजीचे कारण नाही. न झाल्यास ताबडतोब पाणी द्यावे. मात्र मुळाशी पाणी साचू देऊ नये. या जातीला पुढच्या वर्षाच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर धरतात. म्हणून छाटणी बहर संपताच उरकावी. हिवाळ्यात हौसेने केलेली छाटणी म्हणजे पुढचा सारा बहर कापून टाकणे होय. कळ्या धरावयास काही आठवड्यांचा थंडावा लागतो, त्यामुळे नागपूर-इंदूरसारख्या उष्ण गावी झाड जगले तरी फुलेलच असे नाही. पाने विषारी असतात, ती गुरांच्या व लहान मुलांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. पावसाळ्यात फूल न आलेल्या फांदीची वीतभर छाट ओलसर वाळूत खोचली की काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात आणि शेजारच्या घरी देण्याजोगे रोप तयार होते.

नागासाकी शहराने अजिसाईला आपले नगरपुष्प मानले आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर तेथे या फुलांचा उत्सव भरतो आणि त्या उत्सवाला लोक ओताक्साचा उत्सव म्हणतात. शास्त्राच्या सूचीतून गळालेले ते नाव ज्या गावी निपजले, त्या गावाने आवर्जून जपले आहे.